पोकरचा डाव आणि मालकाचा नाल

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना पत्ते नवे नाहीत. कर्जतहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एका डब्यात भजनी मंडळ आणि दुसऱ्या डब्यात मांडीवर आडव्या ठेवलेल्या बॅगेवर रमीचा डाव, हे दृश्य मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हाही होते आणि गिरण्या गेल्यावरही ते गेलेले नाही. गणपतीच्या दिवसांत जागरणाच्या निमित्ताने ओटीवर डाव पडतात. त्याला गावात कोणी दुराचार म्हणत नाही. तीन पत्ती, पोलिसांच्या कागदात जिला ‘तिरट’ म्हणतात ती, हीही जुनीच. नवे आहे ते पोकर. शनिवार-रविवारच्या फार्महाऊसवरील टेबलावरून आणि त्याहून अधिक मोबाईलच्या पडद्यावरून ते या भागातील तरुणांच्या हाती आले. येताना ते एक युक्तिवादही घेऊन आले: हा जुगार नाही, हा बुद्धीचा खेळ आहे.

या युक्तिवादापुढे आपले कार्यकर्ते बहुधा गप्प होतात किंवा नीतिपाठ देऊ लागतात. दोन्हींचा उपयोग नाही. नीतिपाठाचेच बोलायचे तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तापासून तो चालू आहे आणि द्यूतही तितक्याच निष्ठेने चालू आहे. युक्तिवादाला उत्तर द्यायचे तर आधी खेळ ठाऊक हवा. म्हणून प्रथम खेळाविषयीच.

पोकरचे अनेक प्रकार आहेत. सध्या सर्वत्र खेळला जातो तो ‘होल्डेम’. बावन्न पानांचा जोड, जोकर वगळलेला. पत्ते पिसून प्रत्येकाला दोन पाने पालथी वाटली जातात. ती ज्याची त्यानेच पाहायची. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांनी पाने पाहण्यापूर्वीच ठरावीक रक्कम मध्ये टाकायची असते. तीन पत्तीतील बुटाचेच हे रूप. फरक इतकाच, की बूट सर्वांनी द्यायचा असतो आणि येथे ती सक्ती दोघांवर पाळीपाळीने येते. मग बोली सुरू होते. ज्याला पाने आवडली नाहीत त्याने ती टाकून द्यावी, म्हणजे पॅक व्हावे. ज्याला राहायचे आहे त्याने आधीच्या रकमेइतके टाकावे. ज्याला जोर वाटतो त्याने रक्कम वाढवावी. त्यानंतर टेबलाच्या मध्यभागी सर्वांच्या सामाईक उपयोगाची तीन पाने उघडली जातात आणि पुन्हा बोली होते. मग चौथे पान आणि बोली, शेवटी पाचवे पान आणि बोली. अखेरपर्यंत दोघे किंवा अधिक उरले तर पाने दाखवायची. स्वतःची दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा हात सर्वांत वरचा ठरेल त्याचा सगळा डाव. बाकीचे सगळे आधीच पॅक झाले तर उरलेल्या एकाला पाने दाखवावी लागत नाहीत; त्याच्या हातात काहीही नसले तरी रक्कम त्याचीच.

हातांचा क्रम कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात निघतात आणि जो हात जितका दुर्मीळ तितका तो वरचा. एकाच रंगाची सलग पाच पाने फक्त ४० प्रकारे येतात. चार एक्के किंवा चार राजे अशी चौकडी ६२४ प्रकारे. तिघे एका जातीचे व दोघे दुसऱ्या जातीचे असा भरलेला हात ३,७४४ प्रकारे. सगळी पाने बदामाची किंवा सगळी इस्पिकाची पण सलग नाहीत, असे हात ५,१०८ आणि सलग पण मिश्र रंगांचे हात १०,२००. त्याखाली तिघे, मग दोन जोड्या, मग एक जोडी. ज्यात जोडीसुद्धा नाही असे हात १३,०२,५४०, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. तीन पत्ती खेळणाऱ्याची येथे हमखास चूक होते. त्याच्या सवयीप्रमाणे सलग पाने एका रंगाच्या पानांहून वरची. तीन पत्तीत ते बरोबरच आहे, कारण तेथील २२,१०० हातांत मिश्र रंगांची सलग पाने ७२० वेळा आणि एका रंगाची विस्कळीत पाने १,०९६ वेळा येतात. पाच पानांत हे प्रमाण उलटते आणि म्हणून क्रमही उलटतो.

आता कौशल्याचा प्रश्न. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तीन पत्तीत पाने एकदा वाटली की काही बदलत नाही. पोकरमध्ये दर फेरीला नवी माहिती उघड होते आणि तिचा हिशोब करणारा व न करणारा यांत अंतर पडते. उदाहरणार्थ, एखाद्याच्या हातात बदामाची दोन पाने आहेत, मध्ये चार पाने उघडली असून त्यांतही दोन बदामाची आहेत. शेवटचे पान बदामाचे आले तर तो जिंकेल, नाही तर हरेल. मध्ये २०० रुपये आहेत, समोरच्याने १०० टाकले. याला राहायचे तर १०० टाकावे लागतील. न दिसलेली पाने ४६, त्यांत बदामाची ९. म्हणजे जिंकण्याची शक्यता साधारण शंभरात वीस. पण ३०० मिळवण्यासाठी १०० टाकायचे तर निदान शंभरात पंचवीस हवी. जो ‘येईल एखादे बदाम’ म्हणून पैसे टाकतो तो अशा प्रत्येक प्रसंगी सरासरी २२ रुपये गमावतो. एखाद्या वेळी बदाम येतेच, तो ३०० रुपये उचलतो आणि तेवढीच एक वेळ त्याच्या लक्षात राहते.

हूल देण्याचेही तसेच. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य उघड्यावर असते, पोकरमध्ये पाने झाकलेली असतात; म्हणूनच हंगेरियन गणिती जॉन फॉन नॉयमन याला या खेळाचे आकर्षण वाटले. अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्याबरोबर १९४४ साली त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात पोकरच्या एका सोप्या रूपाचे गणित मांडून असे दाखवले आहे, की हूल ही स्वभावातील लबाडी नसून शहाण्या खेळाचे आवश्यक अंग आहे. जो केवळ उत्तम पाने असतानाच रक्कम वाढवतो त्याची वाढ पाहताच बाकीचे पॅक होतात आणि उत्तम पानांचेही त्याला काही मिळत नाही. अर्थशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचा पाया घालणाऱ्या ग्रंथात पत्त्यांना एक प्रकरण मिळावे, यात बाजारपेठेच्या स्वरूपावर जे भाष्य आहे ते त्या लेखकांना अभिप्रेत नसेलही.

तेव्हा कौशल्य आहे. पण ते दिसायला किती डाव लागतात? २०१७ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे ‘लिब्राटस’ नावाच्या संगणक-प्रणालीला चार कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंशी भिडवण्यात आले. यंत्र श्रेष्ठ की माणूस याचा निर्णय नशिबाच्या चढउतारांत हरवू नये म्हणून १,२०,००० डाव खेळवावे लागले, आणि यंत्र जिंकले. दोन वर्षांनी तशाच दुसऱ्या प्रणालीने सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांना मागे टाकले. खालापूर तालुक्यातील एखादा तरुण कारखान्यातील कंत्राटी पगारातून दहा हजार रुपये घेऊन बसतो तेव्हा त्याला लाख डावांचा अवकाश कोण देणार? आणि मोबाईलच्या पडद्यापलीकडे बसलेला माणूस आहे की यंत्र, हे त्याला कसे कळणार?

येथे दुसरे एक गणित येते आणि ते कौशल्याच्याही आधीचे आहे. समजा, दोघे अगदी सारख्या ताकदीचे आहेत, खेळ पूर्ण निष्पक्ष आहे आणि कोणीतरी कफल्लक होईपर्यंत तो चालायचा आहे. एकाच्या खिशात १०,००० आहेत, दुसऱ्याच्या १,००,०००. पहिल्याने दुसऱ्याला धुऊन काढण्याची शक्यता अकरात एक. उरलेल्या दहा वेळा पहिलाच रिकाम्या हाताने घरी जातो. येथे लबाडी नाही, वरचढ बुद्धी नाही. फक्त खिशाची खोली आहे. जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचे हे गणित सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. डच गणिती हायगेन्स याच्या १६५७ च्या पुस्तकात त्याचे बीज सापडते. समान नियमांखाली असमान भांडवल घेऊन उतरणाऱ्यांचे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही विरळाच.

आणि या दोघांच्या वर तिसरा बसलेला असतो. तो पत्ते हातात घेत नाही. अड्ड्याच्या भाषेत त्याच्या हिश्शाला नाल म्हणतात. प्रत्येक डावातून तो कापला जातो. पोकरच्या क्लबात आणि मोबाईलवरच्या कंपन्यांत यालाच ‘रेक’ असे साहेबी नाव आहे. हा नाल पाच टक्के धरून हिशोब मांडावा. सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण ६,०००. डावात सरासरी २०० रुपये जमतात, त्यांतले १० मालकाचे. पडद्यावर पाने वाटायला वेळ लागत नाही. तासाला ६० डाव धरले तर मालकाला तासाला ६०० मिळाले. त्याच गतीने दहा तास खेळ चालला तर सहा जणांनी मिळून आणलेल्या रकमेइतकी रक्कम मालकाच्या गल्ल्यात जमा होते. जो जिंकतो तो दुसऱ्यांनी खिशातून पुन्हा काढलेल्या पैशांवर जिंकतो. मटक्यात एका आकड्यावर रुपयाला नऊ मिळतात आणि आकडे दहा असतात. तेथे मालकाचा दहावा हिस्सा उघड दिसतो. पोकरमध्ये तो दिसत नाही, कारण हरणाऱ्याचे डोळे समोरच्या खेळाडूवर खिळलेले असतात.

कायद्याचा विचार करताना हा तिसरा माणूस ध्यानात ठेवला पाहिजे. महाराष्ट्रात आजही मूळ कायदा १८८७ चाच आहे. त्याच्या १३ व्या कलमाने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. १२ व्या कलमाने रस्त्यावर, उघड्या जागी खेळणाऱ्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. बंद घरात शिरायचे तर मात्र खास वॉरंट लागते. फुटपाथवर तिरट खेळणारा हमाल आणि कुंपणाआडच्या बंगल्यात पोकर खेळणारा गृहस्थ यांच्यातले अंतर असे कायद्याच्या रचनेतच आहे.

‘कौशल्य’ या शब्दावर पुढे न्यायालयांत बराच खल झाला. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ च्या अहवालांत छापला गेला आणि तेव्हापासून तो या विषयाचा आधारस्तंभ मानला जातो. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, हात बांधावा लागतो, म्हणून रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ. तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे, असे त्यात म्हटले आहे. गेमिंग कंपन्यांच्या वकिलांनी हे वाक्य अर्धशतक तळहातावर झेलले. त्याच निकालात पुढे असेही आहे, की क्लबाचा किंवा घराचा मालक अशा पैशाच्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हा दुसरा भाग फारसा कोणी उद्धृत करत नाही. न्यायालयाने बोट नेमके नालावर ठेवले होते. चर्चा मात्र खेळाडूच्या बुद्धीची होत राहिली.

पोकरच्या बाबतीत तर एकवाक्यताही नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगार ठरवले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ साली कौशल्य म्हटले. पाने तीच, मोजणी तीच. राज्याची सीमा ओलांडली की नशिबाचे कौशल्य होते.

सरकारांची वागणूक याहून बोलकी आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि अखेर २०२३ साली तो रद्द करण्याचे ठरवले. गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणि १९९६ साली तरंगत्या बोटींवर टेबले येऊ दिली. मग २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांनाच त्या बोटींवर जाण्यास मनाई झाली. जे आपल्या लेकरांना चालत नाही ते पाहुण्यांना वाढायचे आणि वर महसूल मोजायचा, असे हे आतिथ्य! केंद्राने १ ऑक्टोबर २०२३ पासून मोबाईलवरील पैशाच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावला, म्हणजे नालात सरकारही भागीदार झाले. त्यानंतर दोन वर्षेही पुरी होण्याआधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने कौशल्य-नशीब हा भेद न पाहता ऑनलाइन पैशाचे सर्वच खेळ बंद करणारा कायदा केला. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारतर्फेच त्या वेळी सांगण्यात आला. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला व त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. ही दिशा योग्यच आहे. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशाचे खेळ थांबवले आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. परंतु हा कायदा पडद्यापुरता आहे. फार्महाऊसवरील टेबल त्याच्या कक्षेत येत नाही. तेथे १८८७ च्या कायद्याचेच राज्य आहे.

कर्जत-खालापुरात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण येथे टेबलावर येणारा पैसा पुष्कळदा जमिनीचा असतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालकीचा मार्ग मोकळा केला. ज्या खाचरांत कर्जतच्या संशोधन केंद्राचे ‘कर्जत-३’ भात डोलायचे त्यांचे द्रुतगती मार्गानंतर गुंठे झाले. भाताचा पैसा दरसाल येतो, गुंठ्याचा एकदाच. ‘गुंठामंत्री’ म्हणून ज्याची चेष्टा होते त्या तरुणाला आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम दिसते, आणि ती गुंतवण्याचे शिक्षण देणारी एकही संस्था गावात नसते. खरे पाहता तो पोकर आधीच एकदा खेळलेला असतो. विसार देणाऱ्या दलालाला रस्ता कोठून जाणार, बिनशेती परवानगी कोणत्या गटाला मिळणार, हे ठाऊक असते; साठेकरारावर सही करणाऱ्याच्या हातात केवळ सातबारा असतो. एकाची पाने झाकलेली, दुसऱ्याची उघडी, आणि दलाली दोन्हीकडून. वाडीवरच्या कातकऱ्याच्या वाट्याला तर हे टेबलसुद्धा येत नाही. तो दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातो आणि ज्या बंगल्यांत हे डाव रंगतात त्यांच्या विटा थापतो.

हरलेल्याला टेबलावरच उसने देणारा माणूस कोठल्याही अड्ड्यावर असतो. माथेरानचे भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी कर्जत तालुक्यातील शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. आज तशी निकड पुन्हा आहे. मात्र कर्ज बियाण्यासाठी नसून पत्त्यांसाठी असल्याने घरात कोणी त्याचा उच्चार करत नाही आणि म्हणून ते संघटनेपर्यंत पोहोचत नाही.

कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. जुगारावर छापा पडल्याचे वृत्त आले की पकडलेल्यांची संख्या पाहून थांबू नये. जागा कोणाची होती, नाल कोण काढत होता आणि गुन्हा जागामालकाला लागू होणाऱ्या चौथ्या कलमाखाली नोंदला की केवळ खेळणाऱ्यांना लागू होणाऱ्या पाचव्या, हे पोलीस ठाण्यात विचारावे. दुसरी गोष्ट गणपतीच्या जागरणात करता येईल. पत्ते बंद करा असे सांगत बसू नये. सहा जणांना प्रत्येकी शंभर चिंचोके देऊन पोकर शिकवावे. मधोमध एक वाटी ठेवावी. डावात जमलेल्या प्रत्येक वीस चिंचोक्यांमागे एक चिंचोका, कोणीही जिंको, वाटीत टाकावा. वाटीतला चिंचोका पुन्हा बाहेर काढायचा नाही. पहाटेच्या आरतीच्या आधी खेळ थांबवून सहाही जणांपुढचे चिंचोके मोजावेत आणि मग वाटी पालथी करून तीही मोजावी.